पोर तुमच्या घरी द्यायचं म्हंजी

न्हाई न्हाई, तुमी बसाच मामा. पंक्चर निघाल्याबिगर तुमास्नी देहूरोड गाठता यायचं न्हाई, आन् ह्या वयात सायकल ढकलत म्हाळुंग्यापतूर जावा म्हणायला मी काय कसाई न्हाई. बसा त्या खोक्यावर. हां — तर पुन्यांदा एकदा सांगा, म्हंजी माज्या डोक्यात नीट बसंल. तुमी मूळ मलबारचे, देहूरोडच्या डेपोत नोकरीला, म्हणून मराठी येतं — ते बेस झालं, न्हाईतर मला परत हातवारे करावे लागले असते. तुमची भाची तिकडं मलबारात, आन् तिच्यासाठी आमच्या करीमला मागणी घालाय तुमी चाकणला आलाय. तिला बाप न्हाई का? — हाय? पण भाचीचं मामानं बगायचं, अशी रीत. बरं. मंग सकाळी मशिदीपाशी तुमी करीमला गाठलं, त्येला इचारलं, आन् त्यो म्हणला, ‘ज्योतीरामला इचारा, त्यो हो म्हणला तर येतो.’ येतो म्हंजी कुटं येतो? — तिकडंच. कायमचा. पोरीच्या घरी ऱ्हायला. आन् एवढं बोलून ह्यो गडी सायकलवर टांग मारून खेडला गेला, काय म्हणं, फ्रीव्हील आणायचंय. मामा, तुमी ज्या खोक्यावर बसलाय ना, त्यात फ्रीव्हीलच हायेत.

तर ज्योतीराम म्हंजी मीच. आता मला सांगा, मला का इचारायचं? मी त्येचा चुलता न्हाई, भाऊ न्हाई. चुलता हाय त्येचा, नूरमोहम्मद, त्येच्याकडं जावा — काय? जाऊन आलात? ‘पोराची मर्जी’ म्हणला? म्हणणारच, त्यो म्हातारा भाजीत मीठ जास्त झालं तरी भाजीची मर्जी म्हणतो. करीमला आईबाप न्हाईत, लहानपणीच गेले, त्यो निम्मा चुलत्याच्यात वाढला आन् निम्मा आमच्यात, माज्या आईच्या हाताखाली — आक्काबाई म्हणतात तिला, समोरच्या गल्लीत घर हाय. आन् ह्ये दुकान आमचं दोघांचं. म्हंजी असं, की काम त्यो करतो आन् गिऱ्हाइकाशी बोलायचं काम माझं. तुमास्नी ते दिसलंच असंल, मगाधरनं टायर काढतोय मी, अजून निघंना. त्यो असता तर एवढ्यात तुमी घरी पोचून भाकरी खाल्ली असती.

पण आता इचारलंयच, तर सांगतो. सोयरीक जुळवताना खरं सांगावं माणसानं, मागनं बोल नको. तर ऐका. करीम घोरतो. साधा न्हाई घोरत, शेजारच्या घरात म्हशी उठतात. दुसरं, त्येला गाता येत न्हाई आन् त्यो गातो. तिसरं, हट्टी. एकदा म्हणला चाक सरळ झालं पायजे, की जेवण गार होऊ दे, घर जळू दे, चाक सरळ झाल्याबिगर उठायचा न्हाई. चौथं — चौथं म्हंजी त्येला वाटतं समद्या दुनियेचं आपल्यालाच कळतं. आमचा मलबारचा परवास, त्यो काय माजी हौस व्हती व्हय? त्येचंच खूळ. आमच्या चाकणचा कांदा ट्रकनं खाली दक्षिणेला जातो ना, तर ह्येच्या डोक्यात शिरलं, की आपला कांदा जातो तितं आपण का जाऊ नये? आता कांद्याला काय, त्येला कुणी इचारून नेत न्हाई. पण न्हाई. पुण्याच्या जुन्या बाजारातनं पलटणीतल्या दोन पिशव्या आणल्या — पाठीवर अडकवायच्या, पट्ट्याच्या, सोजीर लोक घेत्यात तसल्या — आन् बबनराव आडत्याच्या ट्रकवर, कांद्याच्या पोत्यांवर बसवून मला मंगळूरला नेलं. तितनं पुढं म्हणला चालायचं. कुटं चालायचं? — ‘समुद्राच्या कडंकडंनं, खाली.’ किती खाली? — ‘जितवर जमीन हाय तितवर.’ आता असल्या माणसाला तुमी पोरगी देताय.

आन् भाषा! मंगळूरच्या पुढं मला म्हणतो कसा, ‘ज्योत्या, तू घाबरू नको, जितं मशीद तितं माझी भाषा चालती.’ पहिल्या मशिदीपाशी गेला, छाती काढून बोलला आपला फर्डा — तितली माणसं ऐकत उभी, मान हलवली, आन् त्येला प्यायला लालसर कोमट पाणी दिलं. त्येनं दिशा इचारली व्हती. दुसऱ्या मशिदीपाशी बोलला, परत पाणी. चार गावं गेली, ह्यो बोलतोय आन् पाणी पितोय. मला निदान हातवारे तरी करता येत व्हते. आन् लोकांना वाटायचं आमी कोण? पाठीवर तसल्या पिशव्या — एका गावात वाटलं पळून आलेले शिपाई, एका गावात वाटलं औषधवाले, तितं तर बाया पोरं घिऊन रांगंनं बसल्या. उघडून दाखवा म्हणल्या पिशवी. उघडली. निम्मे कांदे. माज्या आईनं भरलेले, तितं खायला मिळंल का न मिळंल म्हणून. एक म्हातारी कांदा हातात घिऊन, वास घिऊन, पोटावर चोळून गेली. बरं वाटलं असंल तिला, परत काय आली न्हाई.

हां, निघाला टायर. आता ट्यूब बगू. हे घमेलं जरा तिकडं सरकवा — हां. तुमचं मलबार मला आवडलं न्हाई असं न्हाई हां मामा. गैरसमज नको. पण समदं उलटं. आमच्याकडं घर गडद आन् भोवताल मोकळा, तुमच्याकडं घर मोकळं आन् भोवताली झाडीनं अंधार. भाताचं शीत बोराएवढं. खोबरेल तेल डोक्याला लावायचं ते भाजीत. आन् नद्या! दर कोसाला नदी, दर नदीला होडी, होडीत बसलं की करीम डोळे मिटून बसायचा, त्येला पोहता येत न्हाई — ह्ये घ्या, पाचवं. सांगायचं राह्यलं व्हतं. पोहता येत न्हाई त्येला. तुमच्या घराला लागून तर खाडी हाय. धोका हाय बगा.

तर त्या खाडीच्या अलीकडं एक देऊळ लागलं. कौलारू, उतरतं छप्पर, लाकडी नक्षी, फुडं मोठा दगडी तलाव, पायऱ्या. आता तलाव, पायऱ्या, कौलं — ह्येला देऊळ न्हाई म्हणायचं तर काय म्हणायचं? आमच्याकडं मशिदीला घुमट असतो, मिनार असतो, लांबनं कळतं. करीम मागं राह्यला व्हता, चप्पल शिवत. माजं अंग सकाळधरनं कणकणत व्हतं. म्हणलं आंघोळ करून देवाला हात जोडावा, बरं वाटंल. उतरलो तलावात, बुडी मारली, डोक्यावर परत पांढरी टोपी घातली, आन् वल्ल्या अंगानं दाराम्होरं जाऊन हात जोडून वाकलो — आन् वाकलो तो उठलोच न्हाई. तापानं चक्कर आली, तितंच आडवा. ती तुमची मशीद व्हती मामा. तुमास्नी ठावं हाय म्हणा, तुमच्याच गावची. हसा, हसा. तवा कुणी हसलं न्हाई. करीम पळत आला, त्येनं मला पाठीवर घेतलं, दोन्ही पिशव्या पोटावर, आन् जे पहिलं घर दिसलं त्येच्या दारात नेऊन टेकवलं. त्येच तुमच्या बहिणीचं घर.

आता खरी गंमत पुढं हाय, ती तुमच्या घरच्यांनी तुमाला सांगितली का न्हाई कोण जाणे, लाजून सांगितली नसंल. मशिदीच्या तलावात आंघोळ करून मशिदीच्या दारात पडलेला कोण? — मी. दाढी कुणाला? — मला. डोक्याला पांढरी टोपी कुणाची? — माजी. आन् करीमची टोपी उडालेली ट्रकवरनंच, गाल गुळगुळीत, खाकी चड्डी. आन् तापात मी जे बरळत व्हतो ना, ‘करीम, करीम’ — तुमच्या बहिणीला वाटलं, काय भाविक माणूस हाय, बेशुद्धीतबी देवाचं नाव सोडंना. झालं! मला उचलून आत नेलं, चांगल्या खाटंवर घातलं, तुमची म्हातारी बहीण स्वतः पेज पाजायची, कोंबडीचा रस्सा पाजायची, कपाळावर हात ठिऊन काय काय म्हणायची. आन् करीम — करीम हिंदू! त्येला बिचाऱ्याला बाहेर ओसरीवर जागा, आन् त्येचा धर्म बाटू नये म्हणून, मामा, तुमच्या घरची माणसं शेजारच्या हिंदूच्या घरनं त्येच्यासाठी दोन्ही येळचं जेवण मागवायची. केळीच्या पानावर. भात, भोपळ्याची पातळ आमटी आन् ताक. आत कोंबडी शिजतीय, वास ओसरीपतूर येतोय, आन् ह्यो भोपळा खातोय. मला म्हणायचा, ‘ज्योत्या, गरीब माणसं दिसत्यात, पण मनानं मोठी हायेत.’

मला दाढी का व्हती? तशीच वाढली व्हती. घरात दुखवटा असला म्हंजी — न्हाई, दुखवट्याचे दिवस केव्हाच सरले व्हते. शालन गेली त्या श्रावणात. माजी बायको. बाळंतपणात. पोर बी गेलं. मंग दाढी करायची राहूनच गेली, जेवायचंबी राहून जायचं, दुकानात मी येत नव्हतो, आईनं हात टेकले व्हते. तवा त्येनं त्या पिशव्या आणल्या. — व्हय, मगाशी मी म्हणलो त्येचं खूळ. खूळच व्हतं ते. कांद्याच्या पोत्यांवर बसवून रडणाऱ्या माणसाला समुद्र दाखवाय नेतं का कुणी? आन् समुद्र बगून काय व्हतं? पाणीच असतं. पण रोज चालायचं म्हणल्यावर भूक लागती मामा. ह्ये त्येला कुणी शिकवलं ठावं न्हाई. — ह्ये बगा बुडबुडं, हितं हाय भोक. बाभळीचा काटा. तुमी तळवड्याच्या वाटंनं आलात ना, तितं असतोच.

तर शुक्रवार आला. करीम अंग धुऊन मशिदीत गेला आन् रांगंत उभा राह्यला, दुसऱ्यांच्या बरोबर वाकला, बरोबर उठला — समदी मशीद नमाज सोडून ह्येच्याकडं बगायला लागली म्हणं. तितनं माणसं धावत घरी. घरात मी उठून बसलेलो, आन् ताप उतरला म्हणून माज्या देवाचं नाव घिऊन हात जोडत व्हतो, त्येच येळंला. म्हातारीनं माज्याकडं बगितलं, दारातल्या करीमकडं बगितलं, आन् भांडं हातातनं खाली ठिवलं. मला वाटलं आता बाहेर काढत्यात. आन् मंग आतल्या दारामागनं कोणतरी हसलं. बाईमाणूस. थांबवायचं बगत व्हती, पण थांबंना. मंग म्हातारी हसली, मंग समदं घर. ती तुमची भाची व्हती. दिसली न्हाई, नुसती ऐकू आली. मी करीमकडं बगितलं. लहानपणाधरनं मी त्येला बगतोय, चाक जागेवर बसल्यावर त्येचं तोंड जसं व्हतं ना, तसं झालं व्हतं. तवाच मला कळाय पायजे व्हतं. कळलंबी असंल.

त्या दिवशी त्येला कोंबडी मिळाली. मला म्हातारीनं हातवाऱ्यानं इचारलं, आता तुजं कसं? शेजारनं मागवू का? मी म्हणलो, नको, तुमचंच द्या.

काय सांगत व्हतो? — हां, आईचं. आमच्या घरी करीमची कपबशी येगळी व्हती मामा. खोटं कशाला बोलू. लहानपणाधरनं. पोटच्या पोरावानी वाढवलं त्येला तिनं, आजारात उशाला बसली, पण कपबशी बाहेरच्या कोनाड्यात. त्यो स्वतः इसळून परत ठिवायचा. त्येलाबी त्येचं काय वाटत नव्हतं, मलाबी न्हाई, असतंच असं म्हणून. मलबारातनं आल्यावर मी आईला समदं सांगितलं. कोंबडीचा रस्सा सोडून. दुसऱ्या दिवशी करीम आला, सवयीनं कोनाड्यात हात घातला, तर कप न्हाई. आई आतनं म्हणली, ‘फुटला त्यो. आत ये.’ फुटला नव्हता. मी बगितला ना, मांडणीवर आमच्या कपांत व्हता.

सोलुशन वाळू द्या जरा. घाई केली की ठिगळ सुटतं. — मामा, एक सांगू? राग नका मानू. पिंपरीला आता औषधाची मोठी कंपनी निघालीय, हात चालणाऱ्या माणसाला तितं कोणबी घील. तुमच्या भाचीलाच हिकडं आणा की. घर बांधू. मी बांधतो. न्हाई? बाईनं घर सोडायचं न्हाई, घर बाईचं, नवऱ्यानं यायचं. ठावं हाय मला, बगितलंय. तुमच्या घरात त्यो म्हातारा व्हता, तोंडात एक दात न्हाई, त्येलाबी समदे ‘नवा नवरदेव’ म्हणायचे, चांगला तुकडा आधी त्येला. मरेस्तवर जावईच. पण आमच्याकडं घरजावयाला काय म्हणत्यात ठावं हाय? लोक त्येच्याम्होरं बोलत न्हाईत, पाठीमागं बोलत्यात, आन् त्येला बरोबर ऐकू जातं. चाकणचा बाजार हसंल त्येला. — काय? बाजार हितं आन् त्यो तितं असंल? हां. तेबी खरं हाय.

मी न्हाई म्हणलो तर? एक शब्द. न्हाई. तुमी सायकल घिऊन जाल, त्यो खेडवरनं येईल, तोंडाकडं बगंल माज्या, काय इचारणार न्हाई, आन् उद्या सकाळी दुकान उघडंल. परत कधी नाव काढणार न्हाई. मला ठावं हाय त्यो. आन् मला पायजे मामा तसंच. मला नको हाय त्यो जायला. स्पष्ट सांगतो. दुकानाचं काय न्हाई, मी चाक सरळ करायला शिकंन नायतर सायकली भाड्यानं देत बसंन. पण त्यो गेला तर सांजच्याला कुणाशी — का हसताय? हसत न्हाई? मंग काय बगताय असं? अजून काय म्हणला त्यो? सांगा. सांगा की. — ‘त्यो एकटा जेवत न्हाई.’ असं म्हणला? ‘मी गेलो तर त्यो जेवायचा न्हाई, म्हणून त्येला इचारा.’ बरं.

बरं.

द्या ती ट्यूब हिकडं. चढवतो. तर मामा — आता मी इचारतो, तुमी उत्तरं द्या. घरात माणसं किती? एवढी? समदी एका चुलीवर? सासू मला ठावं हाय, ती चांगली हाय. मेव्हण्या किती? टोमणे मारणाऱ्या हायेत का? न्हाई म्हणू नका लगेच, नीट आठवून सांगा. पाणी कुठनं आणावं लागतं? त्येला खोली येगळी देणार? खिडकी हाय का? त्येला उजेड लागतो, न्हाईतर त्यो हातात काम घिऊन दारात येऊन बसतो, मंग जावई दारात बसला म्हणून तुमच्याच घरचं नाव खराब. हत्यारं त्येला संगं आणू द्या. अडगळ म्हणू नका. बसवून जेवायला घालताय ते ठीक, पण नुसता बसवू नका, वाळंल त्यो. सायकली हायेत ना गावात? न्हाई तर होडीला तरी काय बिघडतच असंल.

आन् ऐका. तिखट खातो त्यो. तुमच्याकडं मिरी घालत्यात, ते न्हाई चालायचं त्येला, लाल मिरची ठिवा घरात, मी ट्रकबरोबर धाडीन. कांदा तर जातोच. पोहायला लगेच उतरवू नका, आधी पायऱ्यांवर बसू द्या. घोरतो, ते मी सांगितलं. गातो तवा हसू नका — न्हाई, हसा, तुमच्या भाचीला हसायला सांगा, त्येला आवडतं. ईदंला त्येला आमच्या आईची आठवण येईल, ती शेवया करायची, बाहेरच्या कोनाड्यातल्या कपात का हुईना. गप्प बसला तर समजून घ्या. आन् कधी बोलताना काय वावगं गेलं त्येच्या तोंडनं, तर आईबापाबिगर वाढलेलं पोर हाय, रागं भरू नका. चुकलंमाकलं पदरात घ्या मामा. आमी आमचं पोर तुमच्या पदरात —

— ह्ये पोरीच्या बापानं म्हणायचं असतं. मी काय बोलतोय.

व्हय म्हणलो की! किती येळा म्हणवून घेताय? भरली हवा, दाबून बगा. घट्ट हाय. पैशाचं नाव काढू नका, सोयरे झालात आता. निघा, उजेड हाय तवर देहूरोड गाठा. आन् चौकात करीम खेडवरनं येताना दिसला तर त्येला म्हणावं, ज्योतीराम घरी गेलाय. जेवायला.

जावा.